पाण्याचे तापमान आणि शेवाळाची वाढ
रिसोड भागातील शेततळ्यांसाठी एक पाठ

उन्हाळ्याच्या अखेरीस आभाळ भरून येते, वारा पडतो आणि रात्रभर उकाडा राहतो. अशा रात्रीनंतर पहाटे शेततळ्यातील मासळी मरून तरंगताना आढळते. आदल्या सायंकाळपर्यंत तळे हिरवेगार असते, मासे खाद्य घेत असतात आणि कोठेही रोगाचे चिन्ह नसते. मग कोणीतरी पाण्यात विष कालवले असावे असा संशय येतो, बोट शेजाऱ्याकडे वळते आणि गावात वितुष्ट निर्माण होते. पुष्कळ वेळा या हानीचे कारण बाहेरून आलेले नसते. ते तळ्यातच वाढलेले असते. हे कारण म्हणजे शेवाळ, आणि त्या शेवाळाला वेग देणारी पाण्याची उष्णता.

वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात पैनगंगेचे खोरे आणि काळ्या जमिनीचे पठार असे दोन्ही प्रकारचे क्षेत्र आहे. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि पुढील आठ महिने साठविलेल्या पाण्यावर काढावे लागतात. राज्य शासनाने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केल्यानंतर विदर्भात शेततळ्यांचा प्रसार वाढला. या पाण्यावर रब्बीचे ओलीत होते, फळझाडे जगतात, गुरे पाणी पितात आणि मत्स्यपालनही करता येते. म्हणून पाणी साठविण्याइतकेच ते निर्दोष राखण्याचे ज्ञानही आवश्यक झाले आहे. प्रस्तुत पाठात पाण्याच्या तापमानाचा शेवाळाच्या वाढीशी असलेला संबंध आणि त्यावरून करावयाची व्यवस्था यांचा विचार केला आहे.

शेवाळ म्हणजे काय?

शेवाळ ही मूळ, खोड व पान असे वेगळे अवयव नसलेली साधी वनस्पती होय. शास्त्रीय भाषेत तिला शैवल म्हणतात. शेततळ्यात तिचे चार प्रकार प्रामुख्याने दिसतात. पहिला प्रकार पाण्यात विखुरलेल्या सूक्ष्म हिरव्या शैवलांचा. त्यांच्यामुळे सर्व पाण्यालाच हिरवी छटा येते. दुसरा प्रकार तंतुमय शेवाळाचा. कडेच्या दगडांना अथवा प्लॅस्टिकच्या अस्तराला धरून त्याच्या लांब बटा वाढतात. तिसरा प्रकार करंडक शैवलांचा, ज्यांना डायाटम असेही म्हणतात. यांचा तपकिरी, बुळबुळीत थर बसतो. चौथा प्रकार नील-हरित शैवलांचा. ही खरोखर जिवाणूंच्या कुळातील आहेत, परंतु हिरव्या वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करीत असल्यामुळे त्यांचा विचार शेवाळाबरोबरच केला जातो.

शेवाळ हे सर्वस्वी वाईट नव्हे, हे प्रथमच ध्यानात ठेवले पाहिजे. दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडते. त्यावर सूक्ष्म प्राणी जगतात आणि त्या प्राण्यांवर कटल्यासारखे मासे पोसले जातात. मत्स्यतळ्याचे पाणी फिकट हिरवे असणे हे चांगले लक्षण होय. दोष आहे तो अतिरेकात.

तापमान नेमके काय करते?

शेवाळाच्या वाढीस चार गोष्टी लागतात: पाणी, प्रकाश, अन्नद्रव्ये आणि योग्य तापमान. यांपैकी अन्नद्रव्ये, विशेषतः स्फुरद व नत्र, शेवाळ किती होऊ शकेल हे ठरवितात. तापमान ते किती लवकर होईल आणि कोणत्या जातीचे होईल हे ठरविते. हा भेद नीट समजला म्हणजे पुढील सर्व उपाय आपोआप सुचतात.

प्रथम वेगाचा विचार करू. अनुकूल मर्यादेत पाण्याचे तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले, की शेवाळाच्या वाढीचा वेग सुमारे दुपटीपर्यंत जातो. हा फरक वाटतो त्याहून फार मोठा आहे. समजा, थंड पाण्यात एक पेशी दोन दिवसांत दुप्पट होते आणि उष्ण पाण्यात एका दिवसात दुप्पट होते. दहा दिवसांनंतर थंड पाण्यात एका पेशीच्या ३२ पेशी होतील. उष्ण पाण्यात त्याच काळात १,०२४ होतील. वेग दुप्पट झाला, परंतु शेवाळ बत्तीसपट झाले. माघात महिनाभर स्वच्छ राहिलेले तळे चैत्रात आठवड्याभरात हिरवे का होते, याचा उलगडा या हिशोबातून होतो.

मात्र ही वाढ अमर्याद नसते. अन्नद्रव्ये संपली की ती थांबते. तसेच प्रत्येक जातीची एक वरची मर्यादा असते आणि तिच्यापुढे उष्णता मारक ठरते.

आता जातींचा विचार करू. करंडक शैवलांना साधारणतः १५ ते २५ अंश सेल्सिअसचे थंड पाणी मानवते. हिरव्या शैवलांपैकी अनेकांची वाढ २५ ते ३० अंशांच्या आसपास उत्तम होते. नील-हरित शैवले २५ अंशांच्या पुढे जोर धरतात आणि ३० अंशांच्या वर, इतर जाती मागे पडू लागल्या तरी, ती वाढत राहतात. यांपैकी काहींच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या आधारे ती पृष्ठभागावर तरंगतात, प्रकाश मिळवितात आणि खालील शैवलांवर सावली धरतात. पाणी संथ व उष्ण असेल तेव्हा ही सोय त्यांना विशेष लाभदायक ठरते.

उष्णतेला तोंड देण्याची या कुळाची शक्ती किती आहे, हे महाराष्ट्रातील उष्ण झऱ्यांवरून दिसते. थॉमस व गोन्साल्विस या अभ्यासकांनी १९६५ साली 'हायड्रोबायॉलॉजिया' या नियतकालिकात पश्चिम भारतातील उष्ण झऱ्यांतील शैवलांवर लेख प्रसिद्ध केले. त्यांत अकलोली व गणेशपुरी येथील झऱ्यांचा समावेश आहे. हात पोळेल अशा पाण्याच्या कडेलाही नील-हरित थर वाढतो. जगातील काही झऱ्यांत तर ही शैवले ७० अंशांच्या आसपासही जिवंत आढळतात. तेव्हा वैशाखातील कडक ऊन नील-हरित शैवलांना मारील, ही आशा व्यर्थ होय.

ऋतूंप्रमाणे होणारा फेरबदल

एकाच तळ्यात वर्षभर एकच शेवाळ राहत नाही. मुंबईजवळ वांद्रे येथील एका तळ्यातील शैवलांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या बदलांचा गोन्साल्विस व जोशी यांनी केलेला अभ्यास १९४६ सालीच प्रसिद्ध झाला होता. रिसोडसारख्या भागात शेततळ्याचे वर्ष सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे जाते.

पावसाळ्यात वाहून आलेल्या मातीने पाणी गढूळ असते. अन्नद्रव्ये भरपूर येतात, पण प्रकाश खोल जात नाही, म्हणून शेवाळ कमी दिसते. आश्विनात गाळ खाली बसतो, ऊन तापते आणि आलेल्या अन्नद्रव्यांवर पहिली हिरवी लाट येते. मार्गशीर्ष व पौषात पाणी थंड होते, वाढ मंदावते आणि अस्तरावर तपकिरी थर दिसू लागतो. माघ-फाल्गुनात पाणी पुन्हा तापू लागते आणि कडेला हिरव्या बटा धरतात. चैत्र-वैशाखात पाणी आटलेले व तापलेले असते, आणि हाच नील-हरित शैवलांचा काळ असतो.

पाणी आटत गेले म्हणजे त्यातील जीवसृष्टी कशी पालटते, याचे मोठे उदाहरण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणार सरोवराचे खारे, अल्कधर्मी पाणी एरव्ही त्यातील नील-हरित शैवलांमुळे हिरवट दिसते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले आणि सर्वत्र आश्चर्य व्यक्त झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले. पाणी कमी होऊन क्षारांचे प्रमाण वाढल्यामुळे या जीवांना जोर आला होता. शेततळ्याचे पाणी लोणारसारखे खारे नसते, परंतु तत्त्व तेच आहे. पाण्याचा रंग बदलला म्हणजे त्यातील वस्ती बदलली असे समजावे आणि कारण शोधावे.

आटत्या तळ्याचा हिशोब

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे शेततळे घेऊ. बाजूंचा उतार एकास एक असल्यास तळाची लांबी-रुंदी २४ मीटर राहते. असे तळे पूर्ण भरले असता त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी असते. उन्हाळ्यात पाणी १ मीटरवर आले, की साठा सुमारे ६२५ घनमीटर उरतो. परंतु पाण्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटरवरून केवळ ६७६ चौरस मीटरवर येतो.

याचा अर्थ असा की, ऊन घेणारा पृष्ठभाग पाऊण शिल्लक राहतो आणि तापावयाचे पाणी मात्र पावाहून थोडेच अधिक उरते. भरलेल्या तळ्यात पाण्याची सरासरी खोली २ मीटर ४४ सेंटिमीटर असते, ती आता सुमारे ९२ सेंटिमीटर होते. ढोबळ हिशोबाने तेवढ्याच उन्हात हे पाणी अडीचपटीहून अधिक वेगाने तापते. शिवाय बाष्पीभवनाने पाणी जाते, पण त्यातील खत जात नाही. ते उरलेल्या पाण्यात दाट होते. काळे प्लॅस्टिक अस्तर घातलेल्या तळ्यात पाणी निवळ असल्याने प्रकाश थेट तळापर्यंत पोहोचतो आणि शेवाळाला तळाशीही वाढ करता येते.

हिरव्या पाण्यातील मासा गुदमरतो कसा?

तळे शेवाळाने भरलेले असता मासळीला प्राणवायू कमी पडावा, हे प्रथम विपरीत वाटते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते हे खरे. परंतु रात्री ते सूर्यप्रकाशाविना तो तयार करू शकत नाही आणि इतर जीवांप्रमाणे श्वसनासाठी तो वापरते. म्हणून पाण्यातील प्राणवायू दुपारनंतर सर्वाधिक आणि सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो.

उष्णता या संकटात दोन्ही बाजूंनी भर घालते. एक म्हणजे उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला २० अंशांवर दर लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांवर ७.६ आणि ३५ अंशांवर सुमारे ७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पठारी प्रदेशात हे आकडे याहून थोडे कमी असतात. दुसरे म्हणजे उष्ण पाण्यात मासे, शेवाळ आणि तळाची घाण कुजविणारे जिवाणू या सर्वांचे श्वसन वाढते. म्हणजे शिल्लक कमी आणि खर्च अधिक, अशी स्थिती होते. मासळीच्या चांगल्या वाढीसाठी दर लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू असणे इष्ट आहे. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे त्रासतात आणि पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेऊ लागतात.

ढगाळ दिवशी शेवाळाला पुरेसा प्रकाश मिळत नाही, त्यामुळे प्राणवायूची दिवसाची कमाईच कमी होते. वारा पडलेला असल्यास हवेतूनही भर पडत नाही. आरंभी सांगितलेल्या उकाड्याच्या रात्रीचे रहस्य हेच होय.

आणखी एक धोका थरांचा आहे. संथ, तापलेल्या तळ्यात वरचे उष्ण पाणी हलके असल्याने वरच राहते आणि तळाचे थंड पाणी खाली कोंडले जाते. तळाच्या पाण्यात प्राणवायू संपतो व दूषित वायू साठतात. वळवाचा जोरदार पाऊस अथवा वादळ आले की दोन्ही थर एकदम मिसळतात आणि मासळी गुदमरते. वळीव येऊन गेल्यानंतरची पहाट म्हणूनच जपावी लागते.

याशिवाय दिवसा शेवाळ पाण्यातील कर्बवायू शोषून घेते आणि पाण्याचा सामू चढतो. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून येणारा अमोनिया चढत्या सामूत व चढत्या तापमानात अधिक विषारी बनतो. ३० अंश तापमानात सामू ८ असता एकूण अमोनियाचा सुमारे १३ वा भाग विषारी स्वरूपात असतो. सामू ९ झाला की हाच भाग सुमारे ४५ टक्के होतो.

गुरांच्या पाण्याविषयी सावधानता

नील-हरित शैवलांपैकी काही जाती यकृतावर अथवा मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष निर्माण करतात. ऑस्ट्रेलियातील एका सरोवराचे साय धरलेले पाणी पिऊन गुरे, मेंढ्या व घोडे मेल्याचे वर्णन जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली 'नेचर' या नियतकालिकात केले. या विषयावरील पहिल्या शास्त्रीय नोंदींत त्याची गणना होते. प्रत्येक नील-हरित शेवाळ विषारी असतेच असे नाही, पण नुसत्या डोळ्यांनी विषारी व निर्विष यांतील भेद ओळखता येत नाही. म्हणून संशयास्पद पाणी टाळणे हाच मार्ग आहे. पाणी उकळल्यानेही हे विष भरवशाने नष्ट होत नाही.

ओळखण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पाण्यात काठी घालून वर काढावी. काठीला हिरव्या बटा लोंबकळल्या तर ते तंतुमय शेवाळ होय. काठी रंगाच्या डब्यात बुडविल्यासारखी माखली तर नील-हरित शैवलांचा संशय धरावा. दुसरी रीत अशी: काचेच्या बरणीत पाणी भरून ती रात्रभर न हलविता ठेवावी. सकाळी हिरवा थर वर जमला असेल तर नील-हरित शैवले असण्याचा संभव अधिक. तो तळाशी बसला असेल तर संभव कमी. हे काम करताना हातमोजे घालावेत अथवा नंतर हात स्वच्छ धुवावेत.

साय धरलेल्या तळ्यावर गुरे सोडू नयेत. वाऱ्याच्या दिशेच्या कडेला साय दाट जमते, तेथील पाणी विशेष धोक्याचे असते. विहिरीचे पाणी हौदात काढून पाजावे. असे पाणी प्यालेले जनावर सुस्त झाले, थरथरू लागले किंवा पडले तर वेळ न घालविता पशुवैद्यकास बोलवावे.

तापमान व पाण्याची पारख

गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रत्येक मत्स्यतळ्यासाठी एक वही ठेवण्यास शेतकऱ्यास सांगावे. साधा काचेचा तापमापक यासाठी पुरेसा आहे. सूर्योदयापूर्वी एकदा आणि दुपारी तीनच्या सुमारास एकदा, पृष्ठभागाखाली एक वीत खोलीवर तापमान पाहावे. तापमापक पाण्यात असतानाच अंक वाचावा, कारण बाहेर काढताच तो उतरतो.

तळाचे तापमान पाहण्यासाठी जड बाटलीला दोरी बांधावी आणि बुचाला वेगळी बारीक दोरी बांधावी. बाटली तळाशी गेल्यावर बूच ओढावे, बाटली भरू द्यावी, ती वर काढून लगेच तापमान पाहावे. दुपारी वरच्या व तळाच्या पाण्यात ठळक फरक असेल आणि तो पहाटेही तसाच राहत असेल, तर थर पक्के झाले असे समजावे.

पाण्याची पारदर्शकता पाहण्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगविलेली चकती वापरतात. इटलीतील शास्त्रज्ञ सेक्की यांच्या नावावरून तिला सेक्कीची चकती म्हणतात. पत्र्याच्या तुकड्यापासून ती गावात सहज तयार होते. चकती दोरीने सोडत जावी आणि जेथे ती दिसेनाशी होते ती खोली मोजावी. ही खोली ३० ते ४० सेंटिमीटर असेल तर मत्स्यतळ्याचे पाणी योग्य. शेवाळामुळे ती २० सेंटिमीटरच्या खाली आली तर धोका जवळ आला असे समजावे.

उपाय

तळ्याचे तापमान शेतकऱ्याच्या स्वाधीन नाही, पण त्यात जाणारे खत त्याच्या स्वाधीन आहे. म्हणून पहिला उपाय अन्नद्रव्ये अडविण्याचा. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात स्फुरद मूलद्रव्य सुमारे १० किलो असते. त्याचा केवळ शंभरावा भाग, म्हणजे १०० ग्रॅम, पावसाबरोबर वाहून वर सांगितलेल्या भरलेल्या तळ्यात गेला, तरी दर लिटरला सुमारे ०.०४५ मिलिग्रॅम स्फुरद होते. जलाशयात हे प्रमाण ०.०३५ मिलिग्रॅमच्या वर गेले की तो अतिपोषित गणला जातो. सोयाबीनला पेरून दिलेले खत मातीआड राहते. फेकून दिलेले खत पहिल्याच मोठ्या पावसात ओघळीला लागते. तळ्याच्या वरच्या अंगास गवताचा पट्टा राखावा, पाणी आत येण्यापूर्वी गाळ बसण्यासाठी खड्डा करावा आणि उकिरडा व गोठ्याचे पाणी तळ्यापासून दूर ठेवावे.

दुसरा उपाय प्रकाश कमी करण्याचा. केवळ ओलितासाठी असलेल्या लहान तळ्यावर सावलीची जाळी घालता आल्यास शेवाळ, तापमान आणि बाष्पीभवन या तिन्हींवर परिणाम होतो. तिसरा उपाय खोली राखण्याचा. उन्हाळ्यात मत्स्यतळ्याचे पाणी दीड मीटरच्या खाली जाऊ न देण्याचा प्रयत्न करावा. ते शक्य नसेल तर चैत्रापूर्वीच मोठी मासळी काढून विकावी. आटत्या, तापत्या पाण्यात भरगच्च मासळी राखणे हा तोट्याचा व्यवहार होय.

चौथा उपाय खाद्य व शेणखताचा संयम. चकतीची खोली २० सेंटिमीटरच्या खाली गेली की शेण व रासायनिक खत देणे थांबवावे आणि खाद्य कमी करावे. मासे वर तोंड काढीत असतील त्या दिवशी खाद्य देऊच नये. सूक्ष्म शेवाळ खाणारा सिल्व्हर कार्प आणि पाणवनस्पती खाणारा ग्रासकार्प योग्य प्रमाणात सोडल्यास काही मदत होते, परंतु खताचा ओघ चालू असता मासे एकटे शेवाळ आवरू शकत नाहीत. तंतुमय शेवाळ दाताळ्याने ओढून काढावे आणि तळ्यापासून दूर खताच्या खड्ड्यात टाकावे. काठावरच टाकल्यास त्यातील अन्नद्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात.

पहाटे मासे गुदमरताना दिसल्यास पंप सुरू करून तळ्याचेच पाणी वर उचलावे आणि फवाऱ्यासारखे पाण्यावर सोडावे. विहिरीचे ताजे पाणी उंचावरून पाडून मिसळता आल्यास उत्तम. आभाळ भरून आलेल्या उकाड्याच्या रात्री हे काम मासे वर येण्याची वाट न पाहता मध्यरात्रीनंतरच सुरू करावे.

ठिबक संचासाठी पाणी घेताना फुटबॉल्व्ह तळाशी अथवा अगदी पृष्ठभागावर ठेवू नये. तो तरंगत्या डब्याला बांधून पृष्ठभागाखाली अर्धा मीटर राहील असे करावे. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुण्याचे काम उन्हाळ्यात अधिक वेळा करावे लागते.

मोरचुदाविषयी इशारा

शेवाळ दिसताच मोरचूद टाकण्याची प्रथा आहे. तिच्यात तीन धोके आहेत. मोरचूद माशांनाही विषारी आहे. एकदम मेलेले शेवाळ उष्ण पाण्यात वेगाने कुजते आणि उरलासुरला प्राणवायू संपविते. नील-हरित शैवलांच्या पेशी फुटल्या की त्यांतील विष पाण्यात मिसळते. यात मात्रेची चूक झाली तर हानी अधिकच वाढते. दर लिटरला १ मिलिग्रॅम या मात्रेने भरलेल्या तळ्यास सुमारे २ किलो २०० ग्रॅम मोरचूद लागते. पाणी १ मीटरवर आले असता त्याच मात्रेस ६२५ ग्रॅम पुरते. जो शेतकरी सवयीने पहिलेच माप टाकील, तो साडेतीनपट मात्रा देऊन बसेल. म्हणून मासळी असलेल्या तळ्यात मोरचूद टाकू नये. इतर ठिकाणीही तज्ज्ञांचा सल्ला घेतल्यावाचून तो वापरू नये. रिसोड तालुक्यातच करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे शेतकऱ्यांनी विचारणा करावी.

काचेच्या बरण्यांचा प्रयोग

सभेत सांगितलेले विसरले जाते, डोळ्यांनी पाहिलेले राहते. गावच्या शाळेत अथवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पुढील प्रयोग फाल्गुनात करावा. सारख्या मापाच्या चार काचेच्या बरण्या घ्याव्यात आणि त्यांत एकाच तळ्याचे गाळलेले पाणी भरावे. पहिली बरणी खताविना उन्हात ठेवावी. दुसरीत डीएपीचे चार-पाच दाणे टाकून ती उन्हात ठेवावी. तिसरीत तितकेच दाणे टाकून ती अंधाऱ्या खोलीत ठेवावी. चौथीत तितकेच दाणे टाकून ती उन्हातच, परंतु पाण्याने भरलेल्या मातीच्या पसरट भांड्यात ठेवावी आणि भांड्यातील पाणी रोज बदलून थंड राखावे. रोज दुपारी चारही बरण्यांचे तापमान लिहावे.

दोन आठवड्यांत दुसरी बरणी सर्वांत आधी हिरवी होईल. चौथी मागून हिरवी होईल. पहिलीत शेवाळ विरळ राहील आणि तिसरीत जवळजवळ होणार नाही. उष्णतेने घाई होते, परंतु अन्न व प्रकाश यांवाचून नुसती उष्णता काही करीत नाही, हे लहान मुलांसही यावरून पटेल.

शाळेत शोभेच्या माशांची काचेची पेटी असेल, तर तिलाही हाच नियम लागू पडतो. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. दिवा सुमारे आठ तासच लावावा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे, मात्र नवीन पाणी जवळजवळ त्याच तापमानाचे असावे. शेवाळ कमी व्हावे म्हणून पेटीत एकदम बर्फ टाकल्यास शेवाळापूर्वी मासेच दगावतात.

सारांश

अन्नद्रव्ये शेवाळाचे प्रमाण ठरवितात, तापमान त्याचा वेग व जात ठरविते. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि तो अधिक लागतो. आटते तळे लवकर तापते व त्यातील खत दाट होते. म्हणून शेवाळाचा बंदोबस्त वैशाखात औषध टाकून करावयाचा नसून, आषाढात खत अडवून आणि फाल्गुनात पाणी व मासळी यांचा मेळ घालून करावयाचा आहे. पहाटे मेलेली मासळी दिसली तर शेजाऱ्यावर संशय घेण्यापूर्वी वही, तापमापक व चकती पाहावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील कोणत्या शेततळ्यांत गोठ्याचे अथवा उकिरड्याचे पाणी जाते? ते कसे वळविता येईल?

२. आपल्या तळ्याची लांबी, रुंदी व आजची खोली मोजून त्यात किती लिटर पाणी आहे याचा हिशोब करा.

३. ढगाळ, उकाड्याच्या रात्री मासळी का गुदमरते? त्या रात्री कोणती तयारी ठेवाल?

४. काठीची व बरणीची परीक्षा करून आपल्या तळ्यातील शेवाळ कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवा.

५. उन्हाळ्यात गुरांच्या पाण्याची वेगळी सोय गावात कोठे करता येईल?